फोमचा चार आईना: कापणं, कडा बंद करणं आणि रंग टिकवणं

पाती_आणि_पट्टी | ११ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

१९ फेब्रुवारीच्या शोभायात्रेसाठी यंदा आमच्या मंडळाला आठ चिलखतं करायची आहेत. गेल्या वर्षी सहा केली होती. सकाळी सातला निघताना ती अगदी लोखंडी दिसत होती. अकरा वाजेपर्यंत काखेजवळचा रंग खवल्यांसारखा सुटला. घामाने अंगरखा भिजला होता तिथे रंगाखालचा थर पांढरा पडून चिकट झाला, आणि एका मुलाच्या पांढऱ्या अंगरख्यावर काळे डाग बसले ते कायमचेच. मुलं दोन महिने रात्री जागली होती, त्यामुळे मला ते फार लागलं. वर्षभर सवड मिळेल तशी फोमच्या पट्ट्यांवर करून पाहिलं, ते इथे लिहितो. चुकत असेन तिथे सांगा, अजून पाच आठवडे हातात आहेत.

आधी काय करतोय ते. चार आईना म्हणजे चार आरसे. छातीवर एक, पाठीवर एक आणि दोन्ही काखांखाली एकेक असे पोलादी पत्रे कड्यांच्या चिलखतावर पट्ट्यांनी बांधत. काखेखालच्या दोन पत्र्यांना वरून अर्धगोल खाच असते, हात हलावा म्हणून. मूळ इराणी पद्धत, मग मोगलांकडे आणि दख्खनेतही आली. आपल्याला सोयीची अशासाठी की चारही तुकडे जवळजवळ सपाट आहेत, घुमटासारखा आकार कुठेच काढावा लागत नाही. पहिल्यांदा फोम हातात घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

आणि एक मनापासून सांगणं. चित्ररथावर प्रतापगडाचा प्रसंग असेल तर महाराजांच्या अंगावर बाहेरून चिलखत चढवू नका. १० नोव्हेंबर १६५९ ला चिलखत अंगरख्याच्या आत होतं आणि लोखंडी टोप पागोट्याखाली. ते दिसत नव्हतं, यातच त्या प्रसंगाचा सगळा अर्थ आहे. आमची आठही चिलखतं पुढे चालणाऱ्या शिलेदारांसाठी आहेत.

फोम. ईव्हीए शीट घ्या, चपलांच्या तळव्यांना वापरतात तीच जात. पांढरा पॅकिंगचा फोम घेऊ नका, त्यावर ना सोल्युशन (चपला चिकटवायचा रबरी गोंद) धरत ना रंग. थर्मोकोल तर नकोच, सोल्युशन आणि स्प्रेने तो विरघळतो. पत्र्यांना ६ मिमी, काठाच्या पट्टीला २ मिमी. जमिनीवर अंथरायच्या, एकमेकांत अडकणाऱ्या मॅटही चालतात, पण त्या १० मिमीच्या वर जाड असतात आणि एका बाजूला नक्षी असते. अंगठ्याने दाबून पाहा: खळगा लगेच भरून आला तर घ्या, तसाच राहिला तर ठेवून द्या.

कापणं. गेल्या वर्षी माझी चूक इथेच सुरू झाली होती. १८ मिमीचा कटर घ्या, ज्याचं पातं टोकाकडून मोडत नेता येतं तो. पातं लावलेल्या धारेचं हवं. 'चालतंय की अजून' असं वाटणारं पातं फोमला चालत नाही. धारदार पातं फोममधून जाताना आवाज करत नाही. चर्रचर्र ऐकू आलं की समजायचं, पातं कापत नाहीये, फाडतंय. मग एक टोक मोडायचं आणि पुढे. एका पत्र्याला माझी दोन टोकं जातात.

एका दमात आरपार कापू नका. पहिल्यांदा हलक्या हाताने रेघ ओढल्यासारखं, दुसऱ्यांदा निम्म्यापर्यंत, तिसऱ्यांदा तळापर्यंत. करवतीसारखं मागेपुढे केलं की कडेला पायऱ्या पडतात, आणि रंग दिल्यावर त्या दुप्पट उठून दिसतात. वळणावर हात वळवू नका. हात आहे तिथेच ठेवा आणि दुसऱ्या हाताने फोम फिरवा. माझ्या पुतणीने हे पहिल्याच दिवशी उचललं, मला दोन वर्षं लागली. बोटं पात्याच्या वाटेत कधीच नकोत. मोडलेली टोकं झाकणाच्या डब्यात टाका, केराच्या पिशवीत नाही, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.

कड. आता माझा मुख्य मुद्दा. फोमचा पत्रा ओळखू येतो तो रंगावरून नव्हे, कडेवरून. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात जा आणि नक्षी सोडून फक्त कडा पाहत फिरा. पोलाद पातळ असतं, आणि आपला फोम ६ मिमी. नजर तिथेच अडते. म्हणून बाहेरची कड सरळ न कापता पातं ४५ अंशांत कलतं धरून मागच्या बाजूने आत कापायची. समोरून पाहिलं की कड नखाएवढी पातळ दिसते आणि आतली जाडी अंगाकडे लपते. एवढ्या एका कापाने आमचं काम पुठ्ठ्यातून पत्र्यात गेलं.

कडा बंद करण्याबद्दल उद्या लिहितो, पट्ट्यांचे फोटो काढायचे आहेत.

---

आईची_धांदल | ११ जानेवारी, रात्री ११:०५

अगदी वेळेवर धागा आला. मुलाच्या शाळेत वेशभूषा आहे, वय वर्षं नऊ. माप कसं घ्यायचं? कागद अंगाला लावला की वळतच नाही. आणि गरम हवा सोडणारी हीट गन घरात नाही, ती हवीच का?

---

रंगपेटी | १२ जानेवारी, सकाळी ९:४०

धांदलताई, मापाचं मी सांगते. मी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना वीस वर्षं वेशभूषा करते आहे.

मुलाला आत घालायचे ते कपडे घालून वर जुना बनियन चढवा. त्यावर डबे झाकायची चिकट पारदर्शक फिल्म दोन वेढे गुंडाळा, श्वास घेता येईल इतकी सैल. मग त्यावर कागदी चिकटपट्टी आडवी-उभी लावत जा, सगळं अंग झाकेपर्यंत. आता मार्करने अंगावरच पत्रा काढा. खांद्याचं हाड, बरगडीची खालची बाजू, काख, सगळं समोर असतं. मधली उभी रेघ आणि आडव्या खुणा विसरू नका. मग पाठीमागून बोथट टोकाच्या कात्रीने कापून काढा. ते टेबलावर सपाट होत नसेल तर जिथे फुगतं तिथे छोटी चीर द्या. ती चीर म्हणजे चोळीचा टक्सच. फोममध्ये तेवढी त्रिकोणी फट कापून जोडली की छातीला गोलाई येते.

नऊ वर्षांच्या मुलाला उभं राहायचा कंटाळा येतो. त्याला आवडतं काहीतरी ऐकायला लावा आणि वीस मिनिटांत उरका.

एक आग्रह: माप त्याने आत जे कपडे घालायचे ते घालूनच घ्या. नुसत्या बनियनवर मापलेला पत्रा अंगरख्यावर दोन बोटं कमी पडतो.

---

पाती_आणि_पट्टी | १२ जानेवारी, रात्री ९:५५

रंगपेटीताई, खूप आभार, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही रद्दीच्या कागदावर अंदाजाने आखत होतो.

आता कडा बंद करण्याचं.

आंबोळी आठवा. तव्याकडची बाजू गुळगुळीत, वरची जाळीदार. फोमच्या शीटचं तसंच आहे. शीटच्या दोन्ही अंगांना साय असते, पण जिथे पातं फिरलं तिथे आतले बुडबुडे अर्धे कापले जाऊन उघडे पडतात. ईव्हीएच्या पेशी बंद असतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही, पण उघड्या अर्ध्या बुडबुड्यांत रंग जाऊन बसतो. पहिला हात गायब, दुसरा हात गायब, आणि तिसऱ्यानंतरही कड खरबरीत आणि फिकट. शिवाय रंगाखाली हवा राहते, म्हणून वाकवलं की तिथूनच तडकतो.

म्हणून पहिलं बंद करणं उष्णतेने. धांदलताई, हीट गन हवीच. केस वाळवायच्या यंत्राने पातळ फोम जेमतेम वळतो, कडा बंद होत नाहीत. कुणाकडून एका दिवसासाठी आणा. गाड्यांना फिल्म लावणारे आणि वायरमन यांच्याकडे असतेच. पुण्यात बोहरी आळीत विकतही मिळते.

गन चार-पाच बोटं लांब धरायची आणि हात थांबू द्यायचा नाही. फोमचा रंग पाहत राहा. आधी तो राखाडी, मातकट, खडूने पुसल्यासारखा असतो. मग एका क्षणी त्याच्यावरून ओलं फडकं फिरल्यासारखी चमक सरकत येते. ती चमक आली की पुढे जायचं. त्यानंतर थांबलात तर पृष्ठभागावर फोड येतात आणि व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, म्हणजे फोम जळायला लागला. काम गॅलरीत किंवा गच्चीवर करा.

आधी घासायचं, मग तापवायचं. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पायऱ्या काढा, २२० ने शेवट करा. घासल्याने बुडबुडे पुन्हा उघडे होतात, म्हणून घासल्यावर गन परत फिरवायची. घासताना तोंडाला मास्क हवा, भुकटी फार बारीक उडते.

गरम असतानाच वळण द्यायचं. आम्ही छातीचा पत्रा पाण्याच्या कळशीवर दाबतो आणि एक मिनिट धरून ठेवतो. निवाला की आकार तसाच राहतो. काखेचे पत्रे मुलं स्वतःच्या मांडीवर वळवतात, पण खाली जाड टॉवेल घेऊन.

उष्णतेनंतर वरचा थर. या वेळी एकाच शीटच्या पाच पट्ट्या कापल्या, सगळ्यांना सारखी हीट गन दिली आणि प्रत्येकीला वेगळा थर. दोन दिवस वाळवून प्रत्येक पट्टी पन्नास वेळा वाकवली, मग ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळली. घामाची जागा म्हणून.

सुतारांचा साधा पांढरा गोंद, पाणी घालून चार हात: वाळल्यावर सगळ्यात सुंदर, काचेसारखा. वाकवल्यावर बारीक जाळं पडलं आणि सकाळी फडक्यातून निघाला तो पांढरा, बोटाला चिकटणारा. गेल्या वर्षी आम्ही हाच वापरला होता. उत्तर मिळालं.

पाण्याला टिकणारा सुतारी गोंद: फडक्यात जसाच्या तसा राहिला. पण कडक आहे, वाकवल्यावर तडे गेले. ढाल, टोपाचा कळस, जिथे वाकत नाही तिथे उत्तम.

चित्रकारांचा ॲक्रिलिक जेसो, कॅनव्हासला रंगाआधी देतात तो पांढरा थर: रंग धरायला छान, पण जरा जाड लागला की वाकताना फुटतो.

रबरी स्प्रे, गाड्यांच्या रिमला मारतात तो: पन्नास वेळा वाकवला, काही झालं नाही. ओल्यात काही झालं नाही. पण महाग आहे, पातळ चार-पाच हात लागतात आणि वास फार उग्र.

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं ॲक्रिलिक कोटिंग, ब्रशने दोन हात: हा प्रयोग आमच्या मंडळातल्या रंगारी काकांनी सुचवला. रबरासारखं ताणतं, तडा नाही, पाण्याचं भय नाही, आणि डबाभर कोटिंग आठ चिलखतांना पुरून उरतं. दोष दोन. ब्रशच्या रेघा राहतात आणि उन्हात पृष्ठभाग किंचित चिकट राहून धूळ धरतो.

मी शेवटच्याकडे झुकलो आहे. रेघांसाठी जाड थराऐवजी पाणी घालून पातळ तीन हात आणि ब्रशऐवजी स्पंजचा तुकडा. चिकटपणा वर रंग आणि क्लिअर (शेवटचा पारदर्शक हात) बसल्यावर जातो का, ते या आठवड्यात पाहतो.

---

तळवा | १३ जानेवारी, दुपारी १:१५

उत्तम धागा. मी चपलांच्या धंद्यातला, त्यामुळे ईव्हीए रोजच हाताखालून जातो. तीन गोष्टी भर घालतो.

एक, पातं लवकर का बोथट होतं: स्वस्त शीटमध्ये भर म्हणून खडूची भुकटी घातलेली असते. ती पात्याला घासते. दोन शीट सारख्या जाडीच्या असल्या आणि एक हाताला जड लागली तर 'जड म्हणजे दणकट' असं समजू नका, भर जास्त असू शकते. चांगला फोम कापलेल्या कडेला रेशमासारखा दिसतो, भर घातलेला रवाळ. दुकानात कोपरा कापून दाखवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही. मुंबईकरांनी ठक्कर बाप्पा कॉलनीत चक्कर मारावी, चपलांचं सामान विकणाऱ्यांकडे मिमीप्रमाणे शीट मिळते.

दोन, चिकटवणं. याबद्दल तुम्ही लिहिलं नाही आणि माझ्या मते अर्धी चिलखतं इथेच सुटतात. शीटच्या सायीवर सोल्युशन धरत नाही. कारखान्यात ईव्हीएला आधी प्रायमर लावतात. घरी निदान पॉलिश पेपरने खरबरीत करा आणि कोरड्या फडक्याने भुकटी पुसा. कापलेली कड जोडायची असेल तर तिला हीट गन दाखवू नका. ती जितकी उघडी तितकी पकड चांगली. म्हणजे तुमचा क्रम असा हवा: ज्या कडा दिसणार त्या तापवून बंद, ज्या जोडणार त्या कच्च्या.

दोन्ही बाजूंना पातळ हात. कापलेली कड पहिला हात पिऊन टाकते, तिथे वाळल्यावर दुसरा द्या. मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. बोटाच्या पाठीने स्पर्श करा: बोट ओढलं गेलं पण काही लागून आलं नाही, की वेळ झाली. ओलं असताना जोडणारे शंभरात नव्वद. आत अडकलेला वायू बाहेर पडू शकत नाही आणि दोन दिवसांनी जोड उघडतो. जोडताना एका टोकापासून सुरू करून सरळ पुढे जा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून मापासाठी काढलेल्या आडव्या खुणा आधी जुळवा.

तीन, कृपा करून हे मोठ्या अक्षरात वाचा. सोल्युशनचा वायू हवेपेक्षा जड असतो आणि पेट घेतो. तो जमिनीलगत साचतो. ज्या खोलीत सोल्युशन उघडं आहे तिथे हीट गन, उदबत्ती, समई, गॅस, काहीही नको. साधा कापडी मास्क किंवा एन ९५ या वायूला अडवत नाही, त्याला कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. मोकळ्या हवेत काम करा आणि लहान मुलांना त्या टप्प्यावर लांब ठेवा. आमच्या धंद्यात या वासाने आजारी पडलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं लिहिलं.

---

पाती_आणि_पट्टी | १३ जानेवारी, रात्री ८:३०

तळवा, तुम्ही लिहिल्यावर माझं एक कोडं सुटलं. गेल्या वर्षी जोडाच्या कडांनाही मी आधी हीट गन दिली होती, सगळं एकसारखं गुळगुळीत व्हावं म्हणून. तेच जोड सुटले. यंदा जोडायच्या कडांवर पिवळ्या खडूने खूण करून ठेवतोय, त्यांना उष्णता नाही.

आणि सोल्युशनचं काम गच्चीवर, हीट गनचं काम खाली. दोन्ही कामं एकाच दिवशी ठेवणार नाही.

---

सातासमुद्रापार | १४ जानेवारी, पहाटे ३:१०

संक्रांतीच्या शुभेच्छा! लंडनजवळ राहतो. इथल्या कॉमिक कॉनला दोनदा फोमचं चिलखत घालून गेलो आहे, दुसऱ्या वर्षी मुद्दाम मराठी शिलेदार होऊन. लोक थांबवून विचारत होते की हे कुठल्या खेळातलं पात्र. मी पन्हाळा ते विशाळगड सांगत सुटायचो.

जोडाच्या फटींबद्दल कुणी लिहिलं नाही. कितीही नीट जोडलं तरी केसाएवढी रेघ राहते. ती बुजवायला नळीतून येणारा ॲक्रिलिक सीलंट वापरतो, खिडकीच्या चौकटीला भरतात तो. ओलं बोट फिरवलं की रेघ नाहीशी होते. नळीवर 'रंगवता येतो' असं आहे का पाहा. सिलिकॉन घेतलंत तर त्यावर कुठलाच रंग बसत नाही आणि मग ते निघतही नाही.

दुसरं म्हणजे वजन. लोकांना वाटतं चिलखत जड होईल. चांगल्या ईव्हीएची घनता घनमीटरला साधारण १०० किलो धरली तर ६ मिमीची एक चौरस मीटर शीट ६०० ग्रॅम भरते. चारही पत्र्यांना पाव चौरस मीटर जेमतेम लागतो, म्हणजे दीडशे ग्रॅम. खरा भार रंगाचा, पट्ट्यांचा आणि आतल्या कड्यांच्या चिलखताचा. ते तुम्ही कशाचं करताय?

---

रंगपेटी | १४ जानेवारी, सकाळी ११:२०

कड्यांचं चिलखत विणायचं! रंगभूमीवरची जुनी युक्ती आहे. काळी किंवा गडद राखाडी जाड लोकर, ८ मिमीच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. उलट टाका घालायचाच नाही. सुलट-सुलटने दोन्ही बाजूंना ज्या गाठी उठतात त्या चार हातांवरून कड्यांसारख्या दिसतात. विणून झालं की टेबलावर पसरून कोरड्या ब्रशने चंदेरी ॲक्रिलिक वरवर फिरवायचं. ब्रश रंगात बुडवून कागदावर पुसून टाका, जवळजवळ काही उरलं नाही असं वाटलं पाहिजे. मग तो फक्त गाठींच्या डोक्यांना लागतो आणि खोलगट भाग काळा राहतो. स्प्रे मारलात तर सगळं सपाट चंदेरी होईल आणि स्वेटर दिसेल.

आठ मुलांच्या पूर्ण बाह्या विणत बसू नका. पत्र्यांच्या खालून जेवढं दिसतं तेवढंच: बाही कोपरापर्यंत, खाली मांडीपर्यंत झालर, आणि मानेपाशी गळपट्टी. मधला भाग काळ्या गंजीवर शिवून टाका. अंगात उकडतही कमी. आमच्या चाळीतल्या तीन आजी महिन्याभरात आठांचं सहज करतील, मी विचारून पाहू का?

---

पाती_आणि_पट्टी | १४ जानेवारी, दुपारी २:००

ताई, नक्की विचारा. लोकर आम्ही पोचवतो. आजींना शोभायात्रेच्या दिवशी मंडपात पहिल्या रांगेत खुर्च्या, हा माझा शब्द.

---

कोफ्ता_नव्हे_कोफ्तगिरी | १६ जानेवारी, रात्री १०:४५

रंगाबद्दल लिहितो, कारण चंदेरी रंगाने सगळं काम झाकोळतं असं मला दर वर्षी दिसतं. डब्यातला चंदेरी रंग म्हणजे नवं पत्र्याचं पिंप. पोलाद काळपट असतं.

सील झाल्यावर दोन हात काळं ॲक्रिलिक द्या. पूर्ण वाळू द्या, एक रात्र. मग ग्रॅफाइट पावडर घ्या, कुलपात घालायला मिळते ती. नाहीतर ६बी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून भुकटी करा. सुती कापडाच्या बोळ्याने ती काळ्यावर चोळा, गोल गोल, भांडं घासल्यासारखी. पहिली दोन मिनिटं काही होत नाही, नुसतं राखाडी. मग एकदम खालून थंड निळसर चमक वर येते आणि हाताखाली लोखंड असल्यासारखं वाटतं. कडांवर जास्त चोळा, कोपऱ्यांत कमी, कारण खऱ्या पत्र्याच्या कडाच हाताळून उजळतात. कोपऱ्यांत गडद तपकिरी पातळ करून सोडा आणि लगेच पुसा.

हातांना, कपड्यांना ग्रॅफाइट लागतं, म्हणून वरून ॲक्रिलिक क्लिअरचे दोन पातळ हात द्यावेच लागतात. चमक थोडी मंदावते, ती मंदावलेलीच खरी दिसते.

काठावरच्या खिळ्यांसाठी भरतकामाच्या दुकानातले अर्धे मोती, सपाट पाठीचे ४ मिमी. सील करण्याआधी चिकटवा म्हणजे थर त्यांच्यावरूनही जातो आणि ते पत्र्यातूनच वर आल्यासारखे दिसतात. नक्षी हवी असेल तर क्लिअरच्या आधी सोनेरी पेनाने फक्त काठाच्या पट्टीत वेल काढा. पोलादात सोन्याची तार ठोकायच्या कामाला कोफ्तगिरी म्हणतात, ती बहुधा काठाला आणि मधल्या फुलाला जास्त असते. सगळा पत्रा भरलात तर लग्नपत्रिका होईल.

---

आईची_धांदल | १९ जानेवारी, रात्री ९:१५

झालं! पहिला पत्रा कापला. पहिला तुकडा पायऱ्या-पायऱ्यांचा निघाला, मग पातं मोडलं आणि दुसरा अगदी आवाज न करता गेला. तुम्ही लिहिलेलं 'चर्रचर्र' मला नीट ऐकू आलं. शेजारच्या वायरमन दादांनी हीट गन दिली आणि स्वतः येऊन उभे राहिले. ती चमक सरकत येते ना, तेव्हा मुलगा ओरडलाच.

एक शंका. शाळेत ढाल न्यायला परवानगी आहे. गोल ढाल ६ मिमीमध्ये मऊ पडते. काय करावं?

---

तळवा | २० जानेवारी, सकाळी १०:००

दोन गोल कापा, दुसरा बोटभर लहान. दोन्ही वेगवेगळे गरम करून एकाच कढईच्या पालथ्या बुडावर वळवा, निवू द्या, आणि मग सोल्युशनने एकात एक बसवा. सपाट असताना चिकटवून नंतर वळवू नका, आतला थर सुरकुततो आणि उष्णतेने सोल्युशन सुटतं. वळवून चिकटवलेले दोन थर एकमेकांना धरून ठेवतात, पुठ्ठा घालायची गरज पडत नाही. वरून पाण्याला टिकणारा गोंद चालेल, ढाल वाकत नाही.

समोर चार फुल्या विसरू नका. खऱ्या ढालीत आतली मूठ ज्या कड्यांत अडकते, ती त्या फुल्यांमागेच असतात. तुम्हीही नवारीची मूठ तिथेच बसवा म्हणजे ओढ योग्य ठिकाणी येईल.

---

पाती_आणि_पट्टी | २२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मंडळी, उशीर झाला, तीन दिवस मांडव आवरण्यात गेले.

आठही चिलखतं सकाळी साडेसहा ते दुपारी दीड चालली. उन्हात, घामात, ढोलताशांच्या पथकात. रंग एकाही पत्र्यावरून सुटला नाही. गच्चीचं कोटिंग स्पंजने तीन पातळ हात, वर काळं, ग्रॅफाइट आणि क्लिअर, असं शेवटी केलं. चिकटपणाची शंका होती ती क्लिअर बसल्यावर गेली. घरी आल्यावर ओल्या फडक्याने आतून पुसली, अंगरख्यांवर डाग नाही.

बिघडलं ते सांगतो. दोन चिलखतांच्या पट्ट्या सुटल्या. चूक आमचीच, नवार फोमला नुसती चिकटवली होती. तिच्यावर फोमचाच एक चौकोनी तुकडा पालथा चिकटवून तिला मध्ये दाबायला हवी होती, म्हणजे ओढ एका रेघेवर न येता सगळ्या चौकोनावर येते. उरलेल्या सहांना आधीच तसं केलं होतं, ती हलली नाहीत. आणि एक पत्रा मंडळाच्या टेम्पोत काचेजवळ तासभर उन्हात राहिला, तो आक्रसून कडेला वर वळला. परत गरम करून कळशीवर दाबला, बराच सुधारला, पण रंगाला दोन तडे गेले. गाडीत उन्हात ठेवू नका. एकावर एक रचूही नका, दाबलेल्या फोमला खळगे पडतात आणि राहतात. आम्ही आता हँगरवर टांगून, जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली आहेत.

तिन्ही आजी आल्या होत्या. शिलेदारांची रांग समोर आली तेव्हा थोरल्या आजींनी एका मुलाला थांबवलं, त्याच्या बाहीच्या गाठींवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही माझी." विणकामातली एक सुटलेली ओळ त्यांनी ओळखली होती.

पुढच्या वर्षी टोप करायचा आहे, पुढे वर-खाली सरकणारी नाकपट्टी आणि मानेवर कड्यांची झालर असलेला. घुमट चार पाकळ्यांचा करावा की सहा, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी दोन्हींचे कागद कापले आहेत. चारच्या पाकळीत टोकाजवळ फुगवटा येतो, सहामध्ये जोड जास्त पण गोलाई सुबक. ज्यांनी टोप केला आहे त्यांनी पाकळीच्या तळाची रुंदी डोक्याच्या घेराच्या हिशेबात किती सोडली ते कृपया लिहा. आमच्या मुलाचा घेर पागोट्याच्या कापडासकट ६१ सेंमी आहे.